जयवंताबाईचा रुंद जोडा

आमच्या दर्यापूरकडची जमीन काळी, सपाट आणि इतकी बिनदगडी आहे की कुत्र्याला भिववायला खडा हवा असला तरी सडकेपर्यंत चालत जावं लागतं. तोवर कुत्रं घरी जाऊन झोपलेलं असतं. अशा मुलखात जन्मलेल्या, इथंच नांदलेल्या, हारफुलं विकणाऱ्या बाईनं पन्नाशी ओलांडल्यावर डोंगरात पळायच्या बुटांची परीक्षा घ्यावी, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. पण हे घडलं, आणि घडलं ते माझ्या आळसामुळं. आळसाचे उपकार जगात कोणी मानत नाही, म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

मंजुषा ही माझी पुतणी. अमरावतीत राजापेठेत वाढली, आता पुण्याला एका लहानशा बूट-कंपनीत आहे. डोंगरातल्या पायवाटांवर जे लोक हौसेनं पळतात, त्यांच्यासाठी ही मंडळी बूट करतात. विकायला काढण्याआधी ते बूट कोणाच्या तरी पायात घालून एकाच डोंगरावर पुन्हा पुन्हा न्यायचे आणि कुठं उसवलं, कुठं घसरलं, कुठं चावलं ते कंपनीला कळवायचं, अशी त्यांची रीत. मंजुषेला वाटलं, काका नुकतेच शाळेतून निवृत्त झालेत, पोटही सुटलंय, एका दगडात दोन पक्षी. तिनं मला एक जोड पाठवला. मी तो घालून ओट्यावर बसलो, चहा प्यालो आणि बूट उत्तम असल्याचं कळवलं.

"काका, डोंगर चढलात का?"

"अजून नाही. पण बसायला फार छान आहेत."

ती फोनवर माझा उद्धार करत होती तेव्हा दारात जयवंताबाई हार घेऊन उभी होती. जयवंताबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते. रोज पहाटे अब्दुल सत्तारच्या जीपनं अंजनगावला जाते, तिथल्या मळ्यांतून झेंडू-शेवंती आणते आणि हार करून घरोघर देते. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं.

"हे घालून कुठं जातेत, गुरुजी?"

"डोंगरात."

"कोन्त्या डोंगरात?"

"कोणत्याही. तो आपल्याकडून उत्तरेला दिसतो, तोसुद्धा चालेल."

तिनं फुलांची टोपली खाली ठेवली. आमच्या इतक्या वर्षांच्या ओळखीत तिनं माझ्या दारात टोपली खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. तिला कायम घाई असते, फुलं थांबत नाहीत.

पाऊस सरला आणि हवा धुऊन निघाली की आमच्या शिवारातून उत्तरेला एक निळी रेघ दिसते. तो सातपुडा. उन्हाळ्यात धुळीनं पुसला जातो, थंडीत धुक्यानं. जयवंताबाई लहान असताना बापाबरोबर कापूस वेचायला जायची तेव्हा तिनं विचारलं होतं, ते निळं काय हाय? बाप म्हणाला, आभाळाच्या लुगड्याचा काठ. तिनं ते खरं मानलं. मोठी झाल्यावर तो डोंगर आहे हे तिला कळलं, पण कळून उपयोग काय? स्वप्नात ती त्या काठावरूनच चालायची. पायाखाली निळं निळं, ताज्या सारवणासारखं गार, कुठंच काटा नाही, आणि ती चालतेय, तिला कुणी हाक मारत नाही. हे स्वप्न तिला लग्नाआधी पडायचं, लग्नानंतर पडायचं, नवरा गेल्यावरही पडायचं. रोज पहाटे ती अंजनगावपर्यंत जायची म्हणजे त्या रेघेच्या उंबरठ्यापर्यंत जायची, आणि टोपल्या भरून परत फिरायची.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमी जात नसान त मी जाऊ का?"

मी एका पायावर तयार झालो. म्हणजे दोन्ही पाय बुटांतून काढून मोकळा झालो.

आता तिच्या पायांचं सांगायला हवं. जयवंताबाईचे पाय फताडे आहेत. हे मी निंदा म्हणून सांगत नाही, गोष्टच त्या पायांची आहे. लहानपणापासून अनवाणी चिखलात चालून बोटं पंख्यासारखी फाकली आहेत. बाजारात तिच्या मापाची बायकी चप्पल मिळत नाही. ती पुरुषी चपला वापरते, त्या लांबीला नको इतक्या मोठ्या होतात आणि तरीही करंगळी बाहेरच राहते. लग्न होऊन आली तेव्हा पाय धुऊन ओट्यावर चढली आणि सारवणावर ओले ठसे उमटले. सासू मनकर्णाबाईनं ते ठसे पाहिले आणि जमलेल्या बायांसमोर म्हणाली, "लक्ष्मीचे पाय मांगतले होते आमी, हे त बदकाचे आले." बाया पोट धरून हसल्या. नवरीच्या डोक्यावरचा पदर तोंडावर आला तो बरेच दिवस वर गेलाच नाही. 'बदक' हे नाव गल्लीत पुढं कितीतरी वर्षं चाललं.

नवरा नत्थुजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. भला माणूस. त्याच्यामुळं घरात सासू-सुनेचं बोलणं तरी चालायचं. तो आजारानं गेला, एकुलती लेक चांदूर रेल्वेला दिली, आणि घरात उरल्या या दोघी आणि एक शेळी. तेव्हापासून दोघी एकमेकींशी सरळ बोलत नाहीत. शेळीमार्फत बोलतात. मनकर्णाबाई शेळीला म्हणते, "सांग तिले, वरनात मीठ जास्ती झालं." जयवंताबाई शेळीला म्हणते, "सांग, उद्या कमी टाकतो म्हना." शेळी दोघींकडे आळीपाळीनं बघत पाला खाते. इतकी बहुश्रुत शेळी सगळ्या तालुक्यात सापडायची नाही.

अंजनगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक खेडं आहे. तिथला बाजार बुधवारचा, म्हणून दर बुधवारी सत्तारची जीप तिथपर्यंत जाते. खेड्याच्या मागून एक जुनी वाट वर पठारावर चढते. कोण्या काळी लादलेले बैल या वाटेनं जायचे, खडकात त्यांच्या खुरांच्या खोबणी पडल्यात, म्हणून तिला बैलखुरी म्हणतात. पहिल्या बुधवारी मीही सोबत गेलो. एकट्या बाईला कसं सोडायचं, हे कारण. खरं म्हणजे मंजुषेला फोटो पाठवायचा होता.

पहाटेची ती जीप मला अजून स्वप्नासारखी आठवते. मागं रिकाम्या टोपल्या, त्यांना कालच्या झेंडूचा वास, दोन्ही बाजूंना अंधारात बुडालेली तूर, आणि समोरच्या काचेत हळूहळू मोठी होत जाणारी ती रेघ. आधी काळी, मग जांभळी, मग निळी. जयवंताबाई पुढच्या सीटवर काठावर बसली होती, जणू मागं टेकली तर डोंगर निघून जाईल. सत्तार माझ्याच वयाचा, तोंडात कायम पान. तो म्हणाला, "बाई, आरामसे बैठो ना. पहाड कुठी पळून नाई जात."

"तुमाले काय मालूम," ती म्हणाली.

मी अर्ध्या वाटेवर एका मोहाच्या झाडापर्यंत चढलो आणि तिथं माझी प्रकृती संपली. झाडाखाली चांगला बसका दगड होता. पुढं एक ओढा, ओढ्यापलीकडे उतरती कातळाची फरशी, आणि त्यावरून वाट वळून ढगात जात होती. खरंच ढग होता. जयवंताबाईनं लुगड्याचा काचा घट्ट केला, पायात ते निमुळते बूट, आणि माझ्याकडे न बघता ती त्या ढगात शिरली. मी दगडावर डुलक्या घेत राहिलो. कुठंतरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मला वाटलं आपण शाळेत आहोत आणि मधली सुटी संपतच नाहीये. ती परत आली तेव्हा ऊन पडलं होतं, आणि तिचा चेहरा देवळातून आल्यासारखा होता.

"काय दिसलं वरून?" मी विचारलं.

"सांगीन कवातरी."

एवढंच. खोदून खोदून विचारलं, पण बाई बधली नाही. बुटांचं मात्र तिनं भडाभडा सांगितलं. दोन्ही करंगळ्या सोलून निघाल्या होत्या. मी फोन तिच्या तोंडापुढं धरला आणि तिनं मंजुषेला पहिला निरोप बोलून पाठवला: "पोरी, जोडा मजबूत हाय, पन याच्यात माहा पाय नाई मावत, पायाचा फोटो मावन."

पुण्याला हा निरोप फार गाजला म्हणे. मंजुषेनं दुसरा जोड पाठवला, थोडा मोठा. तो लांबीला ढिला आणि बाजूनं तितकाच आवळ. जयवंताबाई दर बुधवारी जातच राहिली. थंडीत गेली, पळस फुलला तेव्हा गेली, मोहाच्या फुलांचा सडा पडला तेव्हा गेली. मीही माझ्या दगडापर्यंत जायचो. तिचे निरोप ऐकण्यासारखे असत. "या जोड्यात दगड ऐकू येत नाई, कान भरल्यावानी वाटते." "उतरतांनी हा पायाच्या म्होरं पयते, मी मांगं राहतो." मंजुषेला ते कळायचं. एकदा तिनं मला सांगितलं, "काका, बूटच चुकीचा आहे. आपल्याकडचे कितीतरी पाय असेच रुंद आहेत आणि आम्ही सगळे साचे अरुंद करतोय. यांच्या पायाचं माप पाठवा."

जयवंताबाईला कागदावर उभं करून मी पेन्सिलीनं पाय आखला. अंगठा आणि करंगळी दोन्ही कागदाबाहेर गेले, तेव्हा शेजारी दुसरा कागद जोडला. ती लाजली. पदरानं तोंड झाकून म्हणाली, "राहू द्या गुरुजी, हसतीन पुन्याले."

पावसाळ्यात तो जोड आला. गडद हिरवा, पुढून ऐसपैस. एकच जोड, तिच्याच मापाचा, हातानं केलेला. तिनं माझ्या ओट्यावर बसून तो घातला, नाड्या बांधल्या आणि पायांकडे बघत बसली. बराच वेळ. मला वाटलं, हाही आवळ झाला. तर तिच्या डोळ्यांतून पाणी.

"गुरुजी, याच्यात बोटं हालतेत."

पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं बोटं हलतात म्हणून रडावं याचं मला आधी हसू आलं आणि मग ते विरलं. मी शेळीसारखं उगीच इकडंतिकडं बघितलं.

खरी गोष्ट इथून पुढं. मंजुषेनं सांगितलं की कंपनीत या रुंद साच्यावरून वाद चाललाय. साहेब म्हणतात, साच्याला खर्च आहे, आणि असे बूट घेणार कोण? "'बदकांसाठी बूट काढायचेत का', म्हणाले," ती फोनवर सहज बोलून गेली. फोनचा आवाज मोठा होता. जयवंताबाई शेजारीच हार ओवत बसली होती. तिचा हात एक क्षण थांबला, मग पुन्हा चालू लागला. मंजुषा पुढं सांगत होती की दिवाळीआधी ती स्वतः येईल, बैलखुरीवर हा जोड स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. पावसानं धुतलेल्या कातळावर तो टिकला तर ती रुंद साचा मंजूर करून घेईल. नाही टिकला तर विषय बंद.

त्या दिवसापासून जयवंताबाईचं चित्त त्या एका फेरीत अडकलं. मला म्हणाली, "माहं काय हो, मी पुरुषाच्या चपला घालून मरीन. पन किती बाया असतीन अशा. त्याईले बी बोटं हालवून पाहू द्या न." तिला वाटत होतं की आपला पाय आता वरती, कोणा मोठ्या माणसांपुढं, उभा राहणार आहे, आणि या खेपेला कोणी हसू नये.

जोडात एकच खोट होती. उजवी टाच कडक, चावायची. मंजुषा येणार त्याच्या आदल्या दिवशी तिनं घरी ओट्यावर बसून तसा निरोप पाठवला: "बाकी सोनं हाय पोरी, उजव्या टाचेले तेवढा चावते." मनकर्णाबाई जवळच लसूण सोलत होती. ती काही बोलली नाही. शेळीशीही नाही.

बुधवारी आम्ही निघालो. मंजुषा, मी, जयवंताबाई, आणि सत्तारच्या जीपमधली नेहमीची बाजारची माणसं. जयवंताबाईनं बूट पिशवीत बांधून आणले होते, देवाचा प्रसाद नेतात तसे मांडीवर धरून. पायथ्याशी तिनं ते घातले आणि दोन पावलं टाकून हसली. "आज नाई चावून राह्यला! लोन्यावानी झाला." मंजुषेच्या पोटात आनंद मावेना. मातीच्या वाटेवर सगळं ठीक चाललं. दव पडलं होतं, गवत कमरेइतकं, आणि ढग नेहमीसारखा खाली उतरून वाटेत बसला होता. आम्ही तिघंही आपापल्या तंद्रीत होतो. मी माझ्या दगडावर बसलो. त्या दोघी ओढा ओलांडून फरशीकडे गेल्या. ओढ्याच्या पाण्यात जयवंताबाईच्या बुटांची माती धुऊन निघाली.

फरशीवर तिनं पाय ठेवला आणि ती गेलीच. धप्पकन बसली, तशीच घसरत खाली आली आणि एका बुंध्याला अडकली. मी ओरडलो. मंजुषा धावली. लागलं काही नव्हतं, कोपर खरचटलं होतं. जयवंताबाई उठली, पुन्हा फरशीवर चढली, आणि पुन्हा घसरली. आता मंजुषेचा चेहरा पाहवेना. ती खाली बसली, बुटाचा तळ हातात धरून बोटानं चोळला, आणि तिचं बोट चकचकीत झालं.

"हे तेल आहे," ती म्हणाली. "मावशी, याला तेल कसं लागलं?"

जयवंताबाईनं बूट काढून नाकाशी नेला. एवढ्या दुरूनही मला त्या क्षणी सगळं समजलं, कारण ते तेल मला माझ्या आजोबांच्या ओट्यावरून ठाऊक होतं. एरंडीचं तेल. आमच्याकडे नवी चामड्याची वहाण चावायला लागली की तिला रात्री तेल पाजतात. वरून, खालून, टाचेला, तळाला, मुरेपर्यंत चोळतात आणि पहाटे फडक्यानं पुसून ठेवतात. वहाण मऊ पडते, चावत नाही. रबराच्या बुटाला तेल पाजायचं नसतं, हे आमच्याकडच्या ऐंशी वर्षांच्या बाईला कोण सांगणार?

आणि आमच्याकडे सासू सुनेच्या पायताणाला हात लावत नाही. कधीच नाही. उंबऱ्यात आडवं पडलं असलं तरी पायानं सरकवते. मनकर्णाबाईनं ते बूट मांडीवर घेतले असतील, दुखऱ्या बोटांनी एकेक खाच भरली असेल, आणि सून उठायच्या आत पुसून जागच्या जागी ठेवले असतील. जयवंताबाई बूट छातीशी धरून त्या ओल्या खडकावर बसून राहिली. ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

"मावशी, कोणी केलं हे?" मंजुषेचा आवाज चढला होता. बिचारीचं वर्षाचं काम त्या फरशीवरून घसरलं होतं.

"म्याच पाजलं," जयवंताबाई म्हणाली. "चावत होता न. माहंच डोकं फिरलं."

"तुम्ही? इतके महिने वापरून? अहो, हे मला कंपनीत सांगावं लागेल. पुन्हा कोणी तुमच्यावर भरवसा ठेवणार नाही."

"सांग. माहं नाव सांग. पन जोड्याची चुकी सांगू नको, त्याची नाई हाय."

मग ती उठली. ओढ्याकाठी गुराख्यांनी पेटवलेली विझकी चूल होती. तिनं पदरात राख घेतली, ओढ्यातली वाळू घेतली, आणि खरकटी कढई घासावी तसे ते बूट घासायला बसली. तळाची खाच न् खाच घासली, धुतली, पुन्हा राख लावली. पदर काळा झाला. मंजुषा म्हणाली, "राहू द्या मावशी, बाद झाला तो, परत पडाल." मीही दगडावरून बरंच काही म्हणालो. बाईनं कोणाचंच ऐकलं नाही. बूट चढवले, नाड्या आवळल्या, आणि फरशीवर उभी राहिली.

ती वर गेली. हळू. मग वळली आणि खाली उतरली, हात न टेकता. मग पुन्हा वर. ढग तिच्या कमरेपर्यंत आला होता, पाय दिसत होते फक्त. हिरव्या जोड्यातले ते दोन रुंद पाय काळ्या खडकावर पडत होते, उठत होते, पडत होते, आणि बोटं आत पसरून खडकाला धरत असणार हे मला इथून कळत होतं. मला त्या पायांचा अभिमान वाटला. आपल्या मुलखाचा वाटतो तसा. शेवटी मंजुषेनं फोन काढला आणि त्या पायांचं चित्रण करत राहिली.

संध्याकाळी आम्ही तिला घरापर्यंत सोडायला गेलो. मनकर्णाबाई ओट्यावरच होती, वाट बघत असल्याचं दिसू नये म्हणून शेळीच्या पाठीवरून हात फिरवत. तेलाची वाटी अजून कोनाड्यात होती. मंजुषेची नजर वाटीवर गेली, मग म्हातारीच्या चकाकत्या बोटांवर, आणि तिचं तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला.

म्हातारी शेळीला म्हणाली, "विचार तिले, चावला का म्हना आज?"

जयवंताबाई शेळीला ओलांडून पुढं गेली. सासूच्या समोर बसली.

"नाई चावला, आत्याबाई," ती म्हणाली. "लोन्यावानी झाला होता."

म्हातारीनं चमकून पाहिलं. इतक्या दिवसांनी सरळ शब्द आला होता, तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. तिनं मंजुषेकडं पाहिलं. "मंग? पास झाला का?"

मंजुषा त्या वाटीकडं बघत होती. "झाला, आजी," ती म्हणाली. "पास झाला."

तिनं पुण्याला काय सांगितलं, कोणाचं नाव घेतलं, मी विचारलं नाही. साचा मात्र मंजूर झाला. थंडीच्या अखेरीस कंपनीकडून रुंद जोड्याची पेटी आली. मंजुषेनं जयवंताबाईला आधीच विचारलं होतं, मावशी, तुमच्या मापाचा एक नवा जोड पाठवू का? जयवंताबाई म्हणाली होती, माहा जुनाच चांगला हाय, एक नंबर लहान पाठव. कोणासाठी ते तिनं सांगितलं नाही.

पेटी घेऊन मी गेलो तेव्हा ऊन कलत होतं. मनकर्णाबाई पाय पसरून ओट्यावर बसली होती. जयवंताबाईनं बूट काढला, सासूचा पाय मांडीवर घेतला आणि आत घातला. तेव्हा मी पहिल्यांदा मनकर्णाबाईचे पाय नीट पाहिले. तेच ते. तसेच फाकलेले, पंख्यासारखे, करंगळी बाहेर. इतकी वर्षं ते लुगड्याच्या काठाखाली झाकलेले असायचे.

म्हातारीनं आत बोटं हलवली. एकदा, दोनदा. मग मान खाली घालून म्हणाली, "मले बी माही सासू बदकच म्हने."

जयवंताबाई नाडी बांधत राहिली. गाठ सुटली, तिनं ती पुन्हा बांधली.

त्या दिवशी अवकाळी पावसानं हवा धुतली होती आणि गल्लीच्या टोकाशी, शेतांच्या पलीकडं ती रेघ स्वच्छ दिसत होती. म्हातारी तिकडं बघत राहिली. मग तिनं असा प्रश्न विचारला की माझ्या लक्षात आलं, आयुष्यभर या बाईनंही तेच पाहिलं होतं.

"का व, तिथं गेल्यावर बी ते निळंच रायते का?"

"नाई, आत्याबाई. तिथं हिरवं हाय, दगडं हायेत, गुरं हायेत." जयवंताबाई थांबली. मला जे तिनं कधी सांगितलं नव्हतं ते ती आता सांगत होती. "पन तिथून मांगं फिरून पाह्यलं न, त आपून निळे दिसतो. आपलं गाव, शिवार, सारं. आपूनच निळे."

पाय खाली सोडून म्हातारीनं ओट्यावरून दोन पावलं टाकून पाहिली, भिंतीला धरून, मग न धरता. शेळी पाला खायची थांबून बघत होती, पण तिच्याशी कोणीच बोललं नाही.

"जयवंते," मनकर्णाबाई म्हणाली, "सत्तारले सांगून ठेव. बुधवारी पुढची सीट माही."